हाक कुठे जाते

२ नोव्हेंबर, सोमवार

आले एकदाची! पडदे लावायचे राहिलेत, पण आज त्याचं काही नाही. खोली अगदी मनासारखी मिळाली आहे. वरचा मजला, स्वतंत्र जिना, पुढे बसायची खोली, मागे झोपायची, आणि मधल्या बोळात इवलंसं स्वयंपाकघर. त्यात मी आणि कुकर एका वेळी मावत नाही. खाली घरमालकीण काकू एकट्याच राहतात. चावी देताना त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं आणि विचारलं, स्वयंपाक येतो का. मी म्हटलं, येतो. त्या म्हणाल्या, मग वास खाली येईलच, कळेल मला. आवडल्या मला काकू.

संध्याकाळी ताईचा फोन. स्वतःला दोन मुलं झाली तरी तिला मी अजून शाळेच्या बसमधून एकटी उतरल्यासारखीच वाटते. नोकरीत नक्की काय करणार, ते तिनं पुन्हा एकदा विचारलं. मी पुन्हा एकदा सांगितलं. घर बांधायच्या आधी नकाशा काढतात ना, तसा मी वेब ॲप्लिकेशनचा नकाशा काढते. तू पडद्यावर एक बटण दाबतेस, ते दाबणं मागे कुठून कुठे जातं, कुणाकुणाच्या हातातून जातं, कुठे साठतं, कुठे अडकू शकतं, हे सगळं चौकोन आणि बाण काढून दाखवते. ताईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, म्हणजे तुला चौकोन काढायचा पगार मिळतो! बाबांना सांगू नकोस म्हणे, ते भूमितीचे मार्क काढतील.

४ नोव्हेंबर, बुधवार

ऑफिस छोटंसं आहे, टाइल्सच्या दुकानाच्या वरचे दोन मजले. लिफ्ट म्हातारी आहे, कण्हत वर येते. एका टोकाला काचेचा तुकडा बसवलेल्या दाराची एक थंडगार खोली, तिच्यात सर्व्हरची मशीन्स. दुसऱ्या टोकाला साहेबांची केबिन. साहेब हसतमुख आहेत, चालताना गुणगुणतात आणि दर दोन वाक्यांनी सांगतात की आपण सगळे एका घरचे. कोड लिहिणाऱ्यांचा मुख्य, त्याला सगळे दादा म्हणतात. चुका शोधणारा टेस्टर आहे, त्याला नाव पडलंय शंकेखोर. त्याला चहा दिला तरी आधी हुंगून बघतो.

आमच्या ॲप्लिकेशनचं नाव ‘हाक’. घरात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी आहे. पडले, छातीत दुखलं, घाबरले, की एक लाल बटण दाबायचं. हाक सर्व्हरकडे जाते, तिथून निरोप पाठवणाऱ्या भागाकडे, आणि तिथून मुलाच्या, सुनेच्या, शेजाऱ्याच्या फोनवर. किती चांगलं काम! साहेबांनी मला सांगितलं की जुन्या आकृत्या फार गिचमिड झाल्यात, त्या बघूच नकोस. कोड बघ, दादाला विचार आणि सगळ्याची रचना नव्यानं काढ. महिनाअखेर मोठ्या संस्थेची समिती येणार आहे, तिला स्वच्छ चित्र दाखवायचंय.

माझ्या आधी इथे कोण होतं विचारलं, तर दादानं चहाच्या कपात बघितलं. साहेब म्हणाले, होती एक बाई. सगळे तिला चौकटबाई म्हणायचे. सोडून गेली.

९ नोव्हेंबर, सोमवार

आठवडा मजेत गेला. मी आधी बाहेरचं मोठं चित्र काढते. मध्ये एकच चौकोन, ‘हाक’, आणि भोवती तिच्याशी बोलणारे सगळे. मग तोच चौकोन उघडून आतले भाग. मग एकेका भागाच्या आत. एकाच कागदावर सगळं कोंबलं की कुणालाच काही कळत नाही. दादाशेजारी खुर्ची ओढून बसले आणि त्याला एकच प्रश्न विचारत राहिले: आणि मग? बटण दाबलं. आणि मग? सर्व्हरनं घेतलं. आणि मग? शेवटी तो वैतागून म्हणाला की त्याची मुलगीसुद्धा गोष्ट ऐकताना इतकं छळत नाही.

माझ्या टेबलामागचा पांढरा फळा नीट पुसला जात नाही. जुन्या मार्करच्या फिकट रेघा राहतातच. चौकटबाईच्या असणार. हात फार नेटका होता तिचा, बाण पट्टीनं मारल्यासारखे.

एक गंमत. शुक्रवारी जाताना आतल्या भागांची आकृती पुरी केली होती. आज उघडली तर निरोप पाठवणाऱ्या चौकोनाच्या बाजूला आणखी एक चौकोन. तुटक रेघांचा. वर लिहिलंय ‘पहारा’. त्याच्यापासून एक वेगळी वाट थेट फोनकडे. म्हणजे निरोप पाठवणारा भाग बंद पडला, तर हा पहारेकरी ओळखणार आणि हाक दुसऱ्या वाटेनं नेणार. कल्पना नामी आहे, पण कोडमध्ये असं काहीच नाही. मी बघितलं. पुसून टाकला.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

पुसलेला चौकोन रोज सकाळी परत येतो. माझी फाइल कुणी उघडल्याची नोंद नाही. आधी वाटलं, नव्या मुलीची फिरकी घेताहेत; इथे सगळे मला ‘नवी’च म्हणतात. शंकेखोराला जाऊन दाखवला. ज्याला पाण्याच्या ग्लासाचाही संशय येतो, त्या माणसानं पडद्याकडे धड बघितलंसुद्धा नाही. मला काही विचारू नकोस, पुसून टाक आणि गप्प बस, म्हणाला. कपाळावर घाम होता. खिडकी उघडी होती, गार वारा येत होता.

मी विचारलं, असा पहारा कधी बनवायचा ठरला होता का. त्यानं सरळ कानावर हात ठेवले. खरंच, दोन्ही हात, लहान मुलासारखे.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

आज क्रमाची आकृती काढायला घेतली. हिच्यात प्रत्येक भागासाठी वरून खाली एक उभी रेघ सोडतात आणि निरोप जसा जाईल तसे या रेघेवरून त्या रेघेवर बाण. त्या उभ्या रेघेला आमच्यात जीवनरेघ म्हणतात. रेघ संपली की तो भाग संपला.

जेवून आले तर उजवीकडे एक नवी रेघ उभी. मी काढलेली नाही. डोक्यावर लिहिलं होतं, ‘टेस्टर’. तिच्यातून डावीकडे बाण निघाले होते, एकाखाली एक, दाटीवाटीनं. आणि एकही कुठल्याच रेघेपर्यंत पोचत नव्हता. सगळे मधेच, हवेत संपलेले. खाली जीवनरेघ तोडलेली.

गंमत म्हणून शंकेखोराला हाक मारून दाखवणार होते. तो टेबलावर नव्हता.

१८ नोव्हेंबर, बुधवार

लिहून काढते. लिहिलं नाही तर डोक्यातून जाणार नाही.

शंकेखोर काल दुपारपासून लिफ्टमध्ये होता. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकली. आम्हाला वाटलं, नेहमीसारखी बिघडली, जिन्यानं जाऊ. आज संध्याकाळी दुरुस्तीवाला आला, दार फाकवलं. आत तो बसलेला. बोटांची नखं उखडलेली. घशाच्या शिरा फुगून तशाच राहिलेल्या. धोक्याचं बटण इतकं दाबलं होतं की आत खचून गेलं होतं. दुरुस्तीवाला म्हणाला, घंटा चालू आहे, वायरी शाबूत आहेत, वाजलीच असणार. डॉक्टर म्हणाले, हृदय.

आणि मी— काल दुपारी त्याच लिफ्टच्या दाराला टेकून मी चहा प्यायले. शेजारी दादा होता. आम्ही हवापाण्याच्या गप्पा मारल्या. दाराच्या त्या बाजूला तो कोकलत असणार. माझ्या कानावर काही, काही म्हणजे काहीही आलं नाही. देवाशपथ.

२० नोव्हेंबर, शुक्रवार

दादानं सांगितलं. मी आकृती त्याच्यापुढे धरल्यावर तो बघत राहिला, मग मला गच्चीवर घेऊन गेला आणि भडाभडा बोलला. जसं आठवतं तसं लिहिते.

पहारा चौकटबाईचा होता. तिच्या पहिल्या आकृतीपासून. ती म्हणायची, निरोप पाठवणारा एकच भाग आहे, तो मुका झाला तर कुणाला कळणार? साहेबांना तारीख गाठायची होती. म्हणाले, पुढच्या खेपेला बघू. चौकोन पुसला. तिनं परत काढला. यांनी परत पुसला. शंकेखोरानं सगळं तपासलं म्हणून सही ठोकली. दादा मूग गिळून बसला. दादाचेच शब्द.

चौकटबाईचे वडील एकटे राहायचे. तिनं स्वतः त्यांच्या गळ्यात ‘हाक’चं बटण अडकवलं होतं. एका दुपारी निरोप पाठवणारा भाग बंद पडला. त्याच दुपारी म्हातारा मोरीत पडला. तो बटण दाबत राहिला. प्रत्येक दाबणं सर्व्हरवर येऊन पडलं, पुढे एकही गेलं नाही. लेक इथे, याच खुर्चीत, माझ्या खुर्चीत, बसून काम करत होती.

आणि मग या तिघांनी खापर तिच्याच डोक्यावर फोडलं. रचना तिची, आकृती तिची, चूक तिची. बापाला लेकीनंच मारलं म्हणायचं फक्त बाकी ठेवलं. तिला काढून टाकलं. तिच्या मूळ आकृत्या मशीनच्या खोलीतल्या एका जुन्या मशीनवर होत्या. त्या न्यायला ती सुटीच्या दिवशी, भर दुपारी आली. दार मागून बंद झालं, आतून उघडेना. आगीची खोटी सूचना झाली आणि आग विझवायचा वायू सुटला. हवा संपत आली. तिनं फोन केले. साहेबांना, शंकेखोराला, दादाला.

दादा म्हणाला, “फोन माझ्या हातातच वाजत होता गं. साहेबांनी बजावलं होतं, तिचा फोन उचलायचा नाही, वकिलांनी सांगितलंय. मी नावाकडे बघत बसलो. वाजायचा थांबला, तेव्हा बरं वाटलं मला.”

बरं वाटलं!

२३ नोव्हेंबर, सोमवार

शनिवार-रविवार मला अन्न गोड लागलं नाही. भीती आहेच, पण भीतीच्या खाली आता दुसरंच काहीतरी पेटलंय. तिच्या खुर्चीत बसते, तिच्या फळ्यावर काढते. साहेब केबिनमधून गुणगुणत येतात आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारतात, काय, झालं का आपलं स्वच्छ चित्र? आता कळलं मला इथे कशाला आणलंय. मी तिच्यावरून पोतेरं फिरवायला आले आहे.

ठरवलं. समितीपुढे खरं चित्र ठेवणार. पहारा कुठे होता आणि कधी पुसला, सगळं. दादा म्हणाला, तू ठेव, मी उभा राहून सांगतो, तिची रचना बरोबर होती. रडत होता. मी त्याचा हात धरला.

२६ नोव्हेंबर, गुरुवार

दादा फिरला. साहेबांनी बोलावून घेतलं, दार लावून काय बोलले कोण जाणे. बाहेर आला तेव्हा माझ्याकडे पाहिलं नाही. जिन्यात गाठलं तर म्हणाला, मुलगी लहान आहे, घर नुकतंच घेतलंय, गेलेलं माणूस काही परत येत नाही. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. आई असती तर माझ्या तोंडाला साबण लावला असता.

दुपारी आकृती उघडली. उजवीकडे रेघ. डोक्यावर ‘दादा’. बाण, सगळे हवेत.

तरी सांगितलं त्याला. रागावले होते, पण सांगितलं. त्यानं पडदा पाहिला, पांढराफटक पडला. सुटी टाकून घरी गेला. लिफ्टनं नाही, जिन्यानं.

२९ नोव्हेंबर, रविवार

दादा गेला.

लेकीला पोहायला शिकवायला नेलं होतं. सकाळची वेळ, तलाव माणसांनी भरलेला. मुलीला आईकडे दिलं आणि एकच फेरी मारतो म्हणून खोल बाजूला गेला. पायात गोळा आला असणार. बायको काठावर पाय सोडून बसली होती. ती म्हणाली, तो हात हलवत होता, तोंड उघडत होता, मला वाटलं हसतोय. मी पण हात हलवला. जीवरक्षक तिच्या शेजारीच उभा.

बायकोला पाणी पाजत होते तेव्हा माझे डोळे भरून आले. घरी आले, दार लावलं, आणि आरशात बघितलं. आणि माझ्या मनात आलं— आता कळलं त्याला.

लिहिलं खरं. खोडत नाही.

१ डिसेंबर, मंगळवार

साहेबांचं गुणगुणणं थांबलंय. पण माणूस मोठा चिवट. मला बोलावून दादाची जागा देऊ केली. म्हणाले, समिती आता महिनाअखेरऐवजी या शुक्रवारी येतेय, तुझ्या नावानं आकृती छापून ठेवली आहे, तू फक्त बाजूला उभी राहा. मी हो म्हटलं. हो म्हणताना हसलेसुद्धा.

माझी खरी आकृती तयार आहे. पहारा, दुसरी वाट, सगळं. आता तो चौकोन मी पुसत नाही. रोज सकाळी जाऊन पहिल्यांदा तोच बघते. चौकटबाई, तुझा हात माझ्या हातात आहे असं वाटतं. आपण दोघी मिळून.

ताई म्हणते, तुझा आवाज वेगळा लागतोय. सर्दी झाली सांगितलं.

३ डिसेंबर, गुरुवार

आली. तिसरी रेघ. ‘साहेब’.

कुणाला सांगितलं नाही. खूप वेळ बघत बसले, मग फाइल बंद केली. केबिनमधून त्यांनी काचेवर टकटक करून उद्याची तयारी झाली का विचारलं. अंगठा वर करून दाखवला.

घरी येताना पायात बळ आल्यासारखं वाटत होतं. काकूंना म्हणाले, आज तुम्ही माझ्याकडे जेवायला या. दोघी पोटभर जेवलो. काकूंनी विचारलं, एवढं काय घडलंय. मी म्हटलं, उद्या घडणार आहे.

४ डिसेंबर, शुक्रवार

सगळं लिहिते. क्रमानं. क्रमानंच लिहायला हवं.

समितीचे लोक खाली पोचले होते, टाइल्सवाल्याच्या दुकानात चहा घेत होते. ऑफिसातली मंडळी हॉलमध्ये खुर्च्या लावत होती. साहेब घाईघाईनं मशीनच्या खोलीत गेले. जुनं मशीन. तिच्या मूळ आकृत्या. समिती वर यायच्या आत नाहीशा करायच्या होत्या. मी त्यांच्या मागोमाग बोळात गेले, छातीशी माझा कागद धरून. दार मिटलं. आत लाल दिवा लागला. मग फुस्स आवाज.

साहेबांनी दार ओढलं. खांदा मारला. मग काचेवर मुठी. एक मुलगी खुर्ची घेऊन माझ्या बाजूनं गेली, काचेपासून हातभर अंतरावरून. तिनं मान वळवली नाही. चहावाला गेला. त्यानंही नाही.

मला ऐकू येत होतं.

मला एकटीला. लख्ख. ते माझं नाव घेऊन ओरडत होते. बेटा म्हणत होते. दाराशेजारी, भिंतीवर, हिरवं बटण आहे. बाहेरून दाबलं की दार उघडतं. माझा हात तिथवर पोचत होता.

त्यांनी खिशातून फोन काढला. माझ्या हातातला फोन वाजू लागला. ‘साहेब’. काचेच्या पलीकडून ते मला बघत होते, मी त्यांना. मी त्यांना फोन दाखवला. म्हटलं, असा वाजत होता तिचा. आणि उलटा धरला.

वाजायचा थांबला.

बरं वाटलं मला.

५ डिसेंबर, शनिवार

पोलीस येऊन गेले, चार प्रश्न विचारले. अपघात. सगळे रडले, मी पण. समितीची बैठक सोमवारवर गेली. सोमवारी कागद ठेवीन आणि चौकटबाईचं नाव धुऊन निघेल. हलकं वाटतंय. अंघोळ करून, केस मोकळे सोडून खिडकीत बसलेय. समोरच्या दुरुस्तीच्या दुकानातला सायकलवाला चाक फिरवून बघतोय.

सोमवारसाठी आकृती एकदा तपासून घ्यावी म्हणून लॅपटॉप उघडला.

उजवीकडे—

नाही. चुकून जुनीच उघडली असेल.

नाही. चौथी आहे. डोक्यावर ‘नवी’.

६ डिसेंबर, रविवार

मी काय केलं? चौकटबाई, मी काय केलं? तुझ्यासाठीच ना? तुला मारणारे ते होते, मी नव्हते. मी तर तुला ओळखतसुद्धा नव्हते.

फळ्याचा फोटो काढला होता, तो काढून बसले. तिच्या फिकट रेघा. कुठेही मला उद्देशून एक अक्षर नाही. आपण दोघी मिळून— हे तिनं कधी म्हटलं होतं? मीच म्हटलं. तिला बदला कुणाच्या हातानं घ्यायचाच नव्हता. ती एवढंच बघत होती, हाक कुणाला ऐकू आली आणि कोण गप्प बसलं.

मला ऐकू आली होती.

७ डिसेंबर, सोमवार

ऑफिसात गेले. नमस्कार केला, कुणी मान वर केली नाही. म्हटलं, दुःखात आहेत. हॉलमध्ये समिती बसली होती. मी उभी राहिले आणि बोलले. सगळं बोलले. पहारा, म्हातारा, मोरी, फोन. घसा फाटेपर्यंत. समितीच्या बाई माझ्याकडे बघत होत्या, सौम्यपणे, जसं कुणी गप्प उभं असलेल्या माणसाकडे बघावं. मग म्हणाल्या, मुलीला धक्का बसलेला दिसतोय, शब्द फुटत नाहीये.

कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी उलटा केला, सुलटा केला. कोरा आहे म्हणाल्या.

मग छापलेली आकृती मागवली. माझ्या नावाची. स्वच्छ. पहारा नसलेली. माना डोलावल्या, सह्या झाल्या. ‘हाक’ आता आणखी किती घरांत जाणार.

तिचं खरं पोचवू शकणारी मी एकटी उरले होते. आणि मीच—

८ डिसेंबर, मंगळवार

ताईचा फोन. मी उचलला. ती हॅलो हॅलो करत राहिली. मी इथे आहे ताई, मी इथे आहे. ती म्हणाली, रेंज नाही वाटतं. ठेवला. परत आला. परत तेच. निरोप लिहिला, गेला म्हणतो, तिला मिळत नाही. तिचे येताहेत: अगं कुठे आहेस. रागावलीस का. बाबा विचारतात.

अंग तापलंय. जिना उतरवत नाही.

खिडकीतून सायकलवाल्याला हाका मारल्या. कागदावर ‘वर या’ लिहून, बोळा करून टाकला. त्याच्या पायाशी पडला. त्यानं उचलला, उलगडला, दोन्ही बाजूंनी बघितला. त्यात बोटं पुसली आणि टाकला.

९ डिसेंबर

ताप. मागच्या खोलीत पडून आहे. पाणी संपलं.

काकू आल्या होत्या. पुढच्या दारातूनच हाक मारली. मी ओ दिली. ओ दिली, ओ दिली. त्या थांबल्या. स्वतःशीच पुटपुटल्या, न सांगता गेली गावाला, काय ही पोरगी. दिवा विझवला. बाहेरून कुलूप लावल्याचा आवाज—

काकू, भांडं पाडलं मी. पितळेचं. जिन्यात होतात तुम्ही अजून.

१० डिसेंबर

फोन संपला.

सरपटत पुढच्या खोलीत आले. दाराला पाठ लावून बसलेय. वही मांडीवर. लिहिलेलं तरी राहतं का कोण जाणे.

चौकटबाई, अगं तेवढी एक वाट. तुटक रेघेची असली तरी—

जिन्यात पावलं.

ताई! ताईचा आवाज! आली. काकूंशी बोलतेय. काकू म्हणतात, खोली रिकामी आहे, मी स्वतः हाका मारून बघितल्या. ताई म्हणते, नाही, ती मला न सांगता कुठे जाणार नाही. ताई रडतेय.

मी दार बडवतेय. ताई, इथे. या फळीच्या मागे. हाताला रक्त आलं—

काकू म्हणतात, चला बाई खाली, घोटभर पाणी घ्या.

थांब, नको जाऊस. गेली नाही. दाराला कान लावलाय तिनं. मला तिचा श्वास ऐकू येतोय, माझ्या कानाशीच. ताई, मी ओरडतेय, ताई, मी

ती म्हणतेय, काकू, आत तर अगदी